दिसलं का नव्हे, काय दिसलं ते विचार

तासगावहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलंय: रथसप्तमीला धरून येणाऱ्या शनिवार-रविवारी आटपाडी तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या मैदानावर गावकऱ्यांसाठी आकाशदर्शन आहे आणि तिनं स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय. "मला सप्तर्षी, मृग आणि ध्रुव एवढंच ओळखता येतं. दुर्बिणीला आजवर हात लावलेला नाही. मॅडम, माझा काही उपयोग होईल, की नुसती अडचण होईल? पंधरा दिवसांत काय काय वाचू?"

उपयोग होईल, आणि तुला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त होईल. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका. गेली वीसेक वर्षं सांगली-सातारा जिल्ह्यांतल्या शाळांच्या मैदानांवर, माळांवर, एकदा तर बाजार समितीच्या आवारातही दुर्बिणी लावत आलेय. एवढ्या वर्षांत तारे ओळखणाऱ्यांची उणीव मला कधी भासली नाही. उणीव भासते ती आयपीसपाशी, म्हणजे दुर्बिणीत जिथं डोळा लावतात त्या भिंगापाशी, उभं राहून समोरच्या माणसाला खरोखर काही दिसलं की नाही, हे बघणाऱ्याची. हे काम तुला पहिल्या रात्रीपासून करता येईल. ते कसं शिकले, ते आधी सांगते.

२००६ चा जानेवारी होता. हे काम सुरू करून मला जेमतेम वर्ष झालं होतं. कृष्णाकाठच्या एका गावात आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, घेऊन गेलो होतो. शनी पूर्वेला चांगला वर आला होता. मी तो दुर्बिणीत धरला, रांगेला हात केला आणि बाजूला उभी राहून कड्यांबद्दल सांगत राहिले. माणसं वाकत होती, बघत होती, ‘दिसलं, दिसलं’ म्हणत पुढं सरकत होती. गावातली थोर मंडळी झाली, शिक्षक झाले, पोरं झाली. मग ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई आली, बीडकडची. तिनं डोळा लावला, बराच वेळ तसाच ठेवला आणि सरळ उभी राहून म्हणाली, "बाई, मला तर काहीच दिसंना. समदं काळं हाय." मी वाकून पाहिलं. आत काळंच होतं. शनी केव्हाच सरकून गेला होता. तिच्या आधी चाळीसेक जण होऊन गेले होते आणि त्यातल्या एकानंही ब्र काढला नव्हता.

ती माणसं खोटं बोलत नव्हती, मान राखत होती. बाई एवढ्या लांबून आल्यात, मागं रांग खोळंबलीय, आणि आपल्याला दिसलं नाही म्हणजे आपलाच डोळा अधू असणार, असा विचार करून माणूस ‘दिसलं’ म्हणतो. मी पुन्हा शनी लावला आणि सगळ्यांना परत बोलावलं, पण निम्मे लोक घरी गेले होते. त्या निम्म्यांनी माझ्या शब्दावर विसंबून काळोख पाहिला, ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

शनी सरकला कसा, हे तुला समजलंच पाहिजे, कारण गावोगावी येणाऱ्या बहुतेक डॉब्सोनियन दुर्बिणींना मोटर नसते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि १० मिलिमीटरचा आयपीस असेल तर १२० पट मोठं दिसतं, पण आकाशाचा तुकडा अर्ध्या अंशाहूनही लहान मिळतो. ग्रह त्या खिडकीतून दीड-पावणेदोन मिनिटांत पलीकडं जातो. मग तीन माणसं झाली की चौथ्याला रिकामं आकाश. यावर दोन उपाय. एक, साध्या कामाला २५ मिलिमीटरचा आयपीस ठेवायचा. ४८ पटच मोठं दिसतं, पण ग्रह चार मिनिटं तरी आत राहतो. चंद्राला आणि गुरूच्या उपग्रहांना तेवढं पुरतं. दुसरा, ग्रह मधोमध न आणता ज्या कडेनं तो आत शिरतो त्या कडेला ठेवायचा, म्हणजे सगळी खिडकी ओलांडायला त्याला वेळ मिळतो. ही कड कुठली, ते पाठ करू नकोस. दुर्बीण सोड, ग्रह कुठं पळतो ते बघ, आणि त्याच्या उलट बाजूला ठेव. दर तिसऱ्या माणसानंतर स्वतः वाकून पाहायचं, हा नियम मात्र मोडायचा नाही, रांग कितीही लांब असो.

आणि ‘दिसलं का?’ हा प्रश्न तोंडातून काढायचाच नाही. त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. काय दिसलं ते विचार, आणि ज्याचं उत्तर पाहिल्याशिवाय देता येणार नाही असं काहीतरी विचार. गुरू लावला असेल तर, ‘शेजारी किती ठिपके आहेत, एकाच बाजूला की दोन्हीकडं?’ गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत हेच ठिपके रोज रात्री मोजले आणि ते जागा बदलतात हे त्याच्या ध्यानात आलं. शनिवारी ज्यानं मोजले, त्याला म्हणावं, रविवारी परत ये आणि परत मोज. चंद्र असेल तर, ‘सरळ कड कुठल्या हाताला आहे?’ कृत्तिका असतील तर, ‘नुसत्या डोळ्यानं किती होत्या आणि आता किती?’ उत्तर चुकलं तरी बिघडत नाही. माणूस शोधत बघायला लागतो. पाच सेकंदात डोळा काढणारा अर्धं मिनिट थांबतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात त्याला खरं काहीतरी सापडतं.

काही दिसत नाही याचं कारण निम्म्या वेळा आकाशात नसतंच, ते डोळ्याच्या जागेत असतं. पहिल्यांदा बघणारा माणूस डोळा आयपीसला टेकवतो, किंवा चार बोटं लांबून बघतो, किंवा दुसरा डोळा मिटता मिटता दोन्ही मिटतो. ‘दुसऱ्या डोळ्यावर तळहात ठेवा, आधी लांबून उजेडाचा ठिपका शोधा, मग हळूहळू जवळ या, ठिपका मोठा होत जाईल’ असं सांग. दुर्बिणीला हात लावू नका म्हणून ओरडण्यापेक्षा हात ठेवायला काहीतरी दे. मी शेजारी एक जड स्टूल ठेवते, माणसं आपोआप त्याला धरतात. चष्मा निव्वळ जवळच्या किंवा लांबच्या नंबरचा असेल तर काढून फोकस फिरवला की भागतं. तिरप्या नंबरवाल्यानं तो ठेवलेला बरा. आयपीसवर काजळ लागलं, दव पडलं तर पदरानं, रुमालानं पुसायचं नाही. काचेवरचा थर ओरखडतो. सांगून दुसरा आयपीस मागून घे.

ज्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे त्यांना शनीची कडी कदाचित दिसणार नाहीत, पण चंद्र दिसतो. म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभं करून शेवटी धुरकट ठिपका दाखवू नकोस. चंद्राच्या दुर्बिणीकडं ने, खुर्चीवर बसव.

म्हणूनच तुमच्या आयोजकांनी रथसप्तमी निवडली याचा मला फार आनंद झाला. हौशी लोक अमावास्येचा आग्रह धरतात, कारण त्यांना तेजोमेघ आणि दीर्घिका बघायच्या असतात. गावासाठी शुद्ध सप्तमी-अष्टमीसारखी तिथी नाही. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार जिथं भेटतात तिथं सावल्या लांब पडतात, विवरांच्या कडा अशा उठून दिसतात की हात लावावासा वाटतो. त्या रेषेजवळ टॉलेमी नावाचं विवर आहे, सुमारे दीडशे किलोमीटर रुंद. सांगलीहून निघून सातारा ओलांडून पुढं जाल तेवढं, असं सांगितलं की माणूस परत एकदा वाकतो. ‘चांद्रयान दिसेल का?’ हे कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं. आठ इंची दुर्बिणीतून चंद्रावरची साधारण किलोमीटरभराची वस्तू जेमतेम ओळखता येते; विक्रम लँडर त्याच्यापुढं कणभर. पण २३ ऑगस्ट २०२३ ला ते जिथं उतरलं ती बाजू दाखवता येते, दक्षिणेच्या टोकाकडची. आपल्या आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते, तेव्हा दक्षिण कुठं हे आधीच एकदा ठरवून ठेव.

रांगेबद्दल हिशोबानं बोलू. दोनशे माणसं, प्रत्येकाला अर्धं मिनिट, म्हणजे एका दुर्बिणीला शंभर मिनिटं. लहान मूल तोवर कंटाळतं, रडतं. तू नवीन आहेस, तेव्हा कदाचित तुला रांगेशीच उभं करतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, मैदानावरची सगळ्यांत मोलाची जागा तीच आहे. आयपीसपाशी बोलायला वेळ नसतो. काय दिसणार आहे आणि केवढं दिसणार आहे हे रांगेतच सांगून झालं पाहिजे. लोकांच्या मोबाइलमध्ये शनीचे अवकाशयानानं काढलेले रंगीत फोटो असतात, आणि इथं त्यांना दिसणार असतो फिकट पिवळा बारका मणी. एका पुठ्ठ्यावर काळ्या कागदाच्या वर्तुळात ग्रह जेवढा दिसतो तेवढाच काढून ने आणि रांगेत फिरव. खरं माप आधी कळलेला माणूस निराश होत नाही, तो त्या बारक्या मण्यातली कडी शोधायला लागतो. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याला जवळपास काठावरून दिसत होती, दर पंधराएक वर्षांनी तशी वेळ येते. त्या वर्षी हा पुठ्ठा नसता तर मला दर माणसागणिक समजूत घालावी लागली असती.

रांगेत सांगण्यासारखं आणखी एक आहे, ते मी फार जपून वापरते. माणसाला त्याच्या वयाचा तारा दाखवायचा. माघातल्या संध्याकाळी ही सोय नामी असते. व्याध सुमारे साडेआठ प्रकाशवर्षं लांब आहे, म्हणजे आज पोचलेला त्याचा उजेड तिसरीतलं पोर जन्मलं तेव्हा निघाला. प्रश्वा साडेअकरा, तो सहावीवाल्यांचा. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी जास्त तेजस्वी तो चौतीस, पोरांच्या आईबापांचा. ब्रह्महृदय त्रेचाळीसच्या आसपास, पुनर्वसूतला दुसरा पन्नाशीचा. रोहिणी पासष्टच्या घरातली. आणि उशिरापर्यंत थांबलेल्या एखाद्या आजोबांसाठी पूर्वेला मघेचा तारा, ऐंशीच्या जरासा अलीकडचा. कृत्तिकांचा उजेड सुमारे चारशे चाळीस वर्षांपूर्वी निघालेला, शिवाजी महाराजांचा जन्म त्यानंतरचा. एका आजींना मी रोहिणी दाखवून म्हटलं होतं, हा उजेड तुमच्याबरोबरचा. त्या खुर्चीवरून उठेनात. नातवाला जवळ ओढून त्याचा तारा कुठला ते विचारून घेतलं, मग सुनेचा, मग शेजारणीचा. त्यांनी दुर्बिणीतून फारसं काही पाहिलं नाही, आणि तरी त्या रात्री सगळ्यांत जास्त आकाश त्यांनीच पाहिलं असं मला वाटतं. तेव्हा पंधरा दिवसांत वाचायचंच असेल तर हे सात-आठ तारे आणि त्यांची अंतरं पाठ कर. रोज रात्री नऊला गच्चीवर जाऊन बोटानं दाखव, नाव मोठ्यानं घे. अंधारात, गर्दीत, कुणी खांद्यावर हात मारल्यावरही बोट चुकायला नको. तासगावहून ध्रुव क्षितिजावर जेमतेम सतरा अंश असतो. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, म्हणजे दोन मुठींहून थोडा खाली. आणि साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेला तेवढ्याच उंचीच्या थोडा वर अगस्त्य. व्याधाखालोखाल तेजस्वी तारा, आणि उत्तरेकडच्या बऱ्याच देशांतून तो दिसतच नाही. आपल्याकडं दिसतो, हे सांगताना मला दरवेळी छान वाटतं.

आता एक सावधगिरी. गावातल्या माणसाला आकाश माहीत नाही असं समजून बोलू नकोस. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीला असली की माणूस दोन-दोन वाजता बांधावर उभा असतो, वर्षानुवर्षं. त्यानं जेवढे तारे पाहिलेत तेवढे तू आणि मी मिळून पाहिलेले नाहीत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला सप्तर्षी दाखवून म्हटलं होतं, "आमी ह्याला बाजलं म्हणतो, आन् मागचे तीन चोर." चार ताऱ्यांची खाट आणि ती पळवायला आलेले तिघे. मी माझी वसिष्ठ-अरुंधती सांगितली, त्यांनी त्यांचे चोर सांगितले, आणि रांगेतली पोरं दोन्ही ऐकत उभी राहिली. कुणी असं बोलायला लागलं तर तू गप्प राहा आणि त्याला बोलू दे.

मृगाचं मात्र नीट समजावून घे, कारण तो विषय निघणारच. ‘मृग जूनमध्ये निघतो, मग हा आत्ता कसा?’ असं शेतकरी विचारतो, आणि प्रश्न बरोबर आहे. ७-८ जूनच्या सुमाराला सूर्य मृग नक्षत्रात जातो, म्हणून तो पाऊसकाळाचा मृग. सूर्यच तिथं असल्यामुळं त्या दिवसांत हे तारे सूर्याबरोबर उगवतात आणि मावळतात, रात्री दिसत नाहीत. ते रात्रभर दिसायचे ते थंडीतच. हे सांगायला एक कंदील किंवा बॅटरी मधे ठेव, पोरांना भोवती गोल उभं कर, एकाला पृथ्वी कर. कंदिलामागं उभा असलेला मित्र त्याला दिसत नाही, आणि अर्धी फेरी मारली की तोच पाठीमागं स्वच्छ दिसतो. दोन मिनिटांत सगळ्यांना कळतं.

साडेसातीचा विषयही निघेल. एखादी आई मुलीच्या मंगळाबद्दल हळूच विचारेल. हसू नकोस आणि रांगेत वादही घालू नकोस. ती चेष्टा करायला आलेली नाही, तिची झोप उडालेली असते. पण तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. मी एवढंच सांगते: शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून बारा राशींपैकी एका राशीत तो अडीच वर्षं दिसतो आणि तीन राशींना साडेसात वर्षं होतात. आपल्या पूर्वजांनी नुसत्या डोळ्यांनी मोजलेला हा हिशोब खरा आहे. त्या हिशोबामागची भीती मात्र मला कुठल्याच दुर्बिणीतून कधी दिसली नाही. आणि मग शनी आकाशात असेल तर तो दाखवते. कड्यांचा शनी पाहून हात जोडणारे पाहिलेत, डोळे पुसणारेही पाहिलेत. ज्याला इतकी वर्षं घाबरलो तो इतका देखणा, असं एका बाईंनी म्हटलं होतं.

बायकांवरून आठवलं. त्या रांगेत नसतात. पोरांना पुढं ढकलतात आणि स्वतः मैदानाच्या कडेला बसून राहतात, नऊ वाजले की घरी जातात. संक्रांतीपासूनच्या हळदीकुंकवाचा रथसप्तमी हा शेवटचा दिवस, त्यामुळं शनिवारी त्या आणखी अडकलेल्या असतील. आधीच्या आठवड्यात कुणाच्या घरी हळदीकुंकू असेल तिथं जाऊन निरोप दे, मैदानावरच्या माइकवरून पुकारून त्या येत नाहीत. आणि तू मुलगी आहेस याचा इथं मोठा उपयोग आहे. कडेला जाऊन बस, कुणाचं तान्हं मूल असेल तर मांडीवर घे आणि म्हण, ‘ताई, मी धरते, तुम्ही बघून या.’ मी हे इतक्या वेळा केलंय की अंगवळणी पडलंय, आणि एकीनंही नाही म्हटलेलं नाही. गावाबाहेर उसाच्या टोळीची पालं असतील तर तिकडंही कुणालातरी पाठवा. ती पोरं शाळेच्या पटावर नसतात म्हणून त्यांना कुणी बोलावत नाही.

आयोजकांना हे एवढं सांगायचं धाडस कर, किंवा माझं नाव घेऊन सांग: सत्कार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणं सूर्य मावळायच्या आत उरका. अंधाराचा पहिला दीड तास मुलं ताजीतवानी असतात, तो शाल-नारळात घालवू नका. हायमास्ट बंद करायला ग्रामपंचायतीला आठवडाभर आधी पत्र द्या आणि त्या संध्याकाळी वायरमनला मैदानावरच बोलावा, त्याच्या घरच्यांसकट. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक फ्लॅश ती क्षणात घालवतो. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी बांध, तांबडा उजेड ही सवय कमी बिघडवतो. हिरवा लेझर कुणी हाती दिला तर तो तारे दाखवण्यापुरताच. माणसांच्या उंचीवर आणि विमानाच्या दिशेनं कधीच नाही, आणि पोरांच्या हातात तर मुळीच नाही.

जागा चांगली मिळालीय तुम्हाला. कास, यवतेश्वरची हौस सगळ्यांना असते, पण घाटमाथ्यावर ढग अडतात आणि चाळकेवाडीसारख्या पठारावर वारा इतका की दुर्बीण थरथरते. पवनचक्क्या उगाच तिथं उभ्या केलेल्या नाहीत. कृष्णाकाठी थंडीत धुकं आणि दव. आटपाडी, जत, माण, खटाव हा पावसानं वंचित ठेवलेला भाग, पण आकाश तिथं कोरडं आणि स्वच्छ.

रविवारी सकाळी सूर्य दाखवणार असाल तर तिथं मी कठोर आहे. सौरफिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, पुढच्या बाजूला बसतो, चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बांधलेला, आधी उजेडासमोर धरून टाचणीएवढंही भोक नाही ना हे तपासलेला. जुन्या दुर्बिणींच्या पेटीत आयपीसवर लावायची गडद काच मिळते, ती उष्णतेनं तडकते. ती दिसली तर काढून ठेवा. मोठ्या दुर्बिणीवर नेम धरायला बसवलेली छोटी शोधक दुर्बीण सोडवूनच ठेवायची. एकदा आमच्याकडून तिची टोपी लावायची राहिली आणि एका स्वयंसेविकेच्या ओढणीला जळून भोक पडलं. तिथं ओढणी होती, डोळा असता तर काय, या विचारानं मी त्या दिवशी पुढचा कार्यक्रम बंद केला. सूर्यावर लावलेली दुर्बीण एक सेकंदही बेवारस सोडायची नाही. तुला पाणी प्यायला जायचं असेल तर दुसऱ्याला उभं करून जा.

त्याहून सोपं आणि बिनधोक एक आहे, ते तू एकटी करू शकशील. एका लहान आरशावर कागद चिकटव, कागदाला पाच मिलिमीटरचं चौकोनी भोक पाड आणि आरशानं ऊन एका अंधाऱ्या वर्गात भिंतीवर टाक. भिंत आरशापासून साधारण ११ मीटर दूर असली की दहा सेंटिमीटरचं सूर्याचं बिंब पडतं. भोक चौकोनी, बिंब गोल! का, ते पोरांनाच विचार. आणि हीच पोरं घेऊन मैदानावर सूर्यमाला मांड. एक मीटरचा पुठ्ठ्याचा सूर्य धर, पृथ्वी हरभऱ्याच्या दाण्याएवढी आणि १०७ मीटरवर. गुरू म्हणजे आटपाडीचं मोठं डाळिंब, तो साडेपाचशे मीटरवर, म्हणजे शाळेचं फाटक ओलांडून पार रस्त्यावर. शनिवारी ढग आले तरी हा खेळ कुणाच्या हातातून जात नाही.

तुझ्यासाठी दोन गोष्टी. पायात पूर्ण बूट घाल, चप्पल नको. माळावर घोणस असते आणि अंधारात तारांत पाय अडकतात. घरी कुणाबरोबर जातेस, परतीची गाडी कधी आणि कुणाची, हे लिहून देऊन ये. मुलींसाठी स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडं आहे ते उजेड असतानाच विचार. हे विचारायला संकोच वाटतो, पण मी कितीतरी चांगल्या मुली याच कारणानं आठ वाजता परत गेलेल्या पाहिल्यात.

चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतीला टेकेल, लोक त्याआधीच गेलेले असतील. सगळे आवरायची घाई करतील. आयपीस मोजून पेटीत घालायचे, टोप्या लावायच्या, दुर्बिणीखालची चादर झटकून बारके स्क्रू शोधायचे. त्यात हात लाव, पण एक दुर्बीण मागं ठेवायला सांग. चंद्र गेल्यावर मृगाच्या पट्ट्याखाली जी तलवार लोंबते तिच्या मधल्या धूसर ताऱ्यावर ती लाव, २५ मिलिमीटरचा आयपीस घालून. तिथं तेराशे प्रकाशवर्षांवर नवे तारे जन्माला येताहेत. तोवर मृगही पश्चिमेला उतरायला लागलेला असतो, तेव्हा फार उशीर करू नकोस. दिवसभर तू दुसऱ्यांना विचारलंस, आता डोळा लावून दहा मिनिटं तूच शोध. काय काय दिसलं ते मला लिहून पाठव.